शनिवारच्या घाटात ओले बोंबील

ओला बोंबील कोणासाठी थांबत नाही. पापलेट थांबतं. सुरमईला नीट बर्फ दिला तर ती दुसऱ्या दिवशीही ताठ मानेने बाजारात बसते. बोंबलाचं तसं नाही. तो मुळात निम्मा पाणीच. जाळ्यातून बाहेर आला की मऊ पडायला लागतो, आणि मे महिन्यात सकाळचा बोंबील दुपारी हातात घेववत नाही. म्हणून तर आम्ही कोळी लोक तो वाळवतो. वेसाव्याच्या किनाऱ्यावर बांबूंवर ओळीने टांगलेले बोंबील ज्यांनी पाहिलेत त्यांना तो वास वेगळा सांगायला नको, आणि ज्यांना तो सहन होत नाही त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही.

असा हा बोंबील ओलाच्या ओला लोणावळ्याला न्यायचा, तोही मे महिन्यातल्या शनिवारी, असं माझ्या बाबाने ठरवलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. एक्स्प्रेस वे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, जिथून म्हणून लोक थंड हवेला निघत, ते सगळे मानखुर्दवरून वाशीचा पूल ओलांडत, पनवेल गाठत आणि खोपोलीला एकाच घाटाच्या तोंडाशी जमा होत. उन्हाळ्यातला शनिवार म्हणजे त्या घाटात गाड्यांचं लग्नच असायचं.

आम्हाला थंड हवेचं काही कौतुक नव्हतं. लोणावळ्याला माझी आत्या होती. बाबाची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा आत्या स्वतःच अजून परकराच्या वयाची होती, पण पाटी डोक्यावर घेऊन अंधेरीच्या बाजारात बसायला लागली आणि तिने बाबाला वाढवलं. बाबा बोटीवर जायला लागला तशी तिने पाटी ठेवली, नर्सचं शिक्षण घेतलं आणि डोंगरातल्या एका दवाखान्यात नोकरी धरली. कोळ्याची पोर डोंगरात काय करणार, म्हणून गाव हसला. ती लग्न न करता तिथेच राहिली, तिथेच रिटायर झाली. दरवर्षी नारळी पुनवेला यायची, जाताना सुक्या बोंबलांचं गाठोडं घेऊन जायची.

त्या वर्षी तिच्या घशाला रोग झाला. डॉक्टरांनी करायचं ते करून हात टेकले होते. पेज, दूध, काही म्हणून उतरत नव्हतं. आणि एका शुक्रवारी आमच्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात फोन आला. तिच्या शेजारणीचा. आत्या काही खात नाही, पण म्हणते, ओला बोंबील मिळाला तर खाईन. जमलं तर उद्याच या.

बाबाने निरोप ऐकला. ओल्या बोंबलाला काटा नसल्यासारखाच असतो, शिजला की जिभेवर विरघळतो. ज्याच्या घशातून काही उतरत नाही त्याच्या घशातून उतरलं तर तेवढंच उतरेल. आत्यातल्या नर्सने डोकं लढवून मागितलं होतं की नुसती इच्छा झाली होती, कोण जाणे. बाबाला ते विचारायचंच नव्हतं. ज्या बहिणीने त्याला भरवलं तिने एकदाच काही खायला मागितलं होतं.

आई म्हणाली, "सोमवारी जा. शनवारच्या गर्दीत मरायला जाता कं?"

बाबा म्हणाला, "सोमवारपरत ती थांबंल, कोनी सांगितलंय? आनि बोंबील तर दुपारपरतपन थांबत नाय."

आता दुसरा कोणी असता तर त्याने काय केलं असतं? भल्या पहाटे टेम्पो काढला असता आणि सुटला असता. पण पहाटे बोंबील कुठला? आदल्या दिवशीचा न्यायचा तर मग गटारात टाकलेला काय वाईट. आणि सकाळी बोट लागल्यावर निघायचं तर वाशीच्या पुलावरच दुपार होणार. बाबा एकदा कोणाच्या तरी लग्नाला पनवेलला गेला होता, असाच मे महिन्यात, आणि पोचला तेव्हा मांडव सोडायला सुरुवात झाली होती. तेव्हापासून त्याचा रस्त्यावर विश्वास नव्हता. रस्ता म्हणजे त्याच्या मते दुसऱ्याच्या हातातलं सुकाणू.

तो बराच वेळ ओसरीवर विडी ओढत बसला, मग म्हणाला, "आपन पान्यातनं जाव."

आई कपाळावर हात मारून म्हणाली, "लोनावल्याला? पान्यातनं?"

पण त्याचं गणित खरंच सुंदर होतं. आमची बोट पहाटे वेसाव्यातून सुटून, कुलाब्याला वळसा घालून बंदराच्या पलीकडे करंजाच्या समोर जाणार. ओहोटी संपून पाणी क्षणभर थांबतं तेव्हा तिथले कोळी खुंटांना बांधलेली आपली डोल जाळी उचलतात. त्यांच्याकडून बोंबील जाळ्यातून थेट आपल्या बर्फात. मग भरती सुरू होणार आणि ती आपल्याला ढकलत धरमतरच्या खाडीत आत नेणार. धक्क्यावर माझा मावसभाऊ, आमचा दादा, टेम्पो घेऊन उभा. तो शुक्रवारी संध्याकाळीच रिकामा टेम्पो आणि बर्फ घेऊन पुढे जाणार. तिथून पेण, पेणहून खोपोली, की घाट. मुंबईचा रस्ता, वाशीचा पूल, पनवेल, सगळं चुकलं. शनिवारची गर्दी टाळायला लोकांनी काय काय केलं असेल, पण समुद्राला वळसा घालून कोणी गेलं असेल असं मला वाटत नाही.

आईचा पाय त्या आठवड्यात मुरगळला होता, जमिनीवर टेकवत नव्हता. नाहीतर तीच गेली असती. म्हणून आत्याजवळ बसायला, तिला भरवायला मी. मी टेम्पोतून जावं असं ठरत होतं, पण मी हट्ट धरला की बोटीतून जाणार. आमच्यात बायका समुद्रावर जात नाहीत. मासा किनाऱ्याला लागला की तो बायकांचा, त्याआधी पुरुषांचा. वेसाव्यात जन्मून मी बोटीत फक्त धुळवडीला, नांगरलेल्या, बसले होते. बाबाने माझ्याकडे पाहिलं. एरवी नाही म्हणाला असता. त्या दिवशी त्याचं लक्षच नव्हतं, म्हणाला, "चल."

त्या पहाटेबद्दल मी आजवर कोणाला नीट सांगू शकलेले नाही. जुहू, माहीम, वरळी, ज्या मुंबईत मी बसला लोंबकळत फिरायचे ती सगळी दिव्यांची एक बारीक ओळ होऊन डाव्या हाताला सरकत होती. आवाज नाही, हॉर्न नाही, फक्त मशीनची टकटक. बाबा सुकाणूवर उभा. घरात तो तसा बावळटच दिसायचा. चष्मा शोधायचा, आईला विचारून चहा प्यायचा. इथे तो उभा होता आणि काळोखातून कुठे खडक आहे, कुठे जाळ्यांचे खुंट आहेत हे न बघता बोट थोडी इकडे, थोडी तिकडे घेत होता. मी त्याच्याकडे बघतच राहिले. हा माझा बाप, असं कोणाला तरी ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि सांगायला होते आमचे दोन खलाशी, ते आपले चहा करत होते.

कुलाब्याचं टोक वळलो आणि उजाडलं. मोठमोठी जहाजं नांगरून पडली होती, आमची बोट त्यांच्या पोटाखालून गेल्यासारखी गेली. आणि मग समोर, करंजाच्या टेकड्यांच्या मागे, फार मागे, एक निळसर भिंत दिसली. इकडून तिकडे, संपतच नव्हती. आधी वाटलं ढग आहेत. मी बाबाला विचारलं, ते काय?

"सह्याद्री," तो म्हणाला. मग हाताने वर दाखवत, "तुझी आत्या त्याच्या वर हाय."

भूगोलाच्या पुस्तकात सह्याद्री म्हणजे नकाशावरची तपकिरी रेघ. ती अशी उभी असते, आणि आपण तिच्यावर चढून जाणार आहोत, हे मला त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं. बाबासुद्धा बघत होता. आयुष्यभर त्याने ती समुद्रातून पाहिली होती, जवळ मात्र कधी गेला नव्हता. दरवर्षी आत्याच यायची.

करंजाच्या डोलीवाल्यांनी जाळं उचललं आणि बाबाने हाक मारली. आजारी माणसासाठी पाहिजेत, एवढंच म्हणाला. त्यांनी जाळ्यातले निवडून, चमकते, अजून तोंड उघडझाप करणारे बोंबील पाटीत घातले. पाटी भरली तरी घालतच होते. खाली बर्फ, वर बर्फ, मध्ये बोंबील, त्यावर ओलं गोणपाट. मग भरतीने आम्हाला खाडीत घेतलं. सगळं बाबा म्हणाला तसंच होत होतं. धरमतरच्या धक्क्यावर दादा टेम्पोला टेकून उभा होता. खलाशी बोट घेऊन परतले, आम्ही टेम्पोत बसलो, आणि पेणच्या रिकाम्या रस्त्यावरून निघालो. बाबा खुशीत होता. दादाला म्हणाला, "बघ, एक गाडी तरी दिसतंय कं?"

खोपोलीला वळलो आणि सगळ्या गाड्या दिसल्या.

बाबाने समुद्राचं गणित केलं होतं, घाटाचं केलंच नव्हतं. कुठूनही आलात तरी वर जायला घाट तोच. आम्ही अख्ख्या मुंबईला वळसा घालून त्याच रांगेच्या शेपटाला येऊन लागलो होतो. इतका राग आला मला, की हसूच आलं.

"वाट लागली, काका," दादा म्हणाला. "वर कुठेतरी ट्रक बंद पडलाय म्हणतायत. आडवा."

थोडं थोडं पुढे सरकत आम्ही घाटात शिरलो आणि पहिल्या काही वळणांनंतर सगळं ठप्प झालं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. खरंच काही नाही, नुसती हवा. बाबाने खिडकीतून एकदा खाली पाहिलं आणि दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. वादळात डोलकाठीवर चढणारा माणूस, त्याच्या कपाळावर घाम फुटला. म्हणाला, "एवढं मोठं कशाला केलं असंल देवाने?" आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मीही वर बघत होते. काळ्या दगडाची ती भिंत माझ्या डोक्यावर कुठपर्यंत गेली होती ते मान मागे टाकूनही कळत नव्हतं, आणि तिच्या अंगावर मध्येच कुठेतरी एक बारीकशी आगगाडी चालली होती.

पुढच्या-मागच्या गाड्यांतली माणसं खाली उतरली होती. टपांवर होल्डॉल बांधलेले, बॉनेट उघडी, थर्मासमधून चहा. मुलुंडच्या एका सोसायटीतले तीन गाड्यांतून आले होते. त्यातले एक गृहस्थ दादाला सांगत होते, "अहो, गर्दी नको म्हणून आम्ही पहाटे निघालो." मागचे घाटकोपरचे म्हणाले, आम्ही त्यांच्याही आधी. बोरिवलीच्या बाई म्हणाल्या, आम्ही तर शुक्रवारी रात्री झोपलोच नाही. गर्दी टाळायला सगळेच पहाटे निघाले होते, त्यामुळे गर्दीही पहाटे निघाली होती. आमच्या टेम्पोच्या आसपास मात्र जागा बरी मोकळी होती. एका मुलाने नाक धरून "मम्मी, मासे!" असं ओरडून सांगितलं, तेव्हा त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं.

बाबा मागे जाऊन पाटीत हात घालून आला. ऊन चढत होतं, बर्फाच्या गोणीखालून पाण्याची धार रस्त्यावर लागली होती. तो पुन्हा गेला, पुन्हा आला. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

करवंदं विकणाऱ्या काही बायका रांगेतून फिरत होत्या. आमच्या वळणावर विकून झालं की त्या रस्ता सोडून झाडीत शिरायच्या, आणि जरा वेळाने वरच्या वळणावरच्या गाड्यांपाशी त्यांचीच लुगडी दिसायची. बाबा त्यांच्याकडे बघत होता. गाडीचा रस्ता डोंगराला फेरे घालत होता आणि त्या सरळ वर जात होत्या. तो उठला. दादाला म्हणाला, "तू टेम्पो घेऊन ये मागनं. आमी चालतो."

"काका, पाटी?"

पाटी उचलायची ती अर्थातच मी. बाई मीच होते. बाबाने माझ्या डोक्यावर पाटी दिली. आई हे रोज करते. पाटी डोक्यावर, हात मोकळे, आणि रस्ताभर भांडण. मी थोडी पावलं गेले, मान एकीकडे आणि पाटी दुसरीकडे. आईने मला कॉलेजात घातलं तेव्हा सांगितलं होतं, तू पाटीला हात लावायचा नाही. मी लावला नव्हता. बाबाने पाटी पडता पडता धरली.

मग त्याने जे केलं ते मी विसरूच शकत नाही. खांद्यावरचा टॉवेल काढला, पिळा देऊन गोल गुंडाळला, चुंबळ केली, आणि टोपी खिशात घालून ती डोक्यावर ठेवली. म्हणाला, "दे."

वेसाव्यात पुरुषाच्या डोक्यावर पाटी कोणी पाहिलेली नाही. जाळं खांद्यावर घेतील, वल्ही घेतील, म्हातारा कोळी मरणाच्या दारात असला तरी सुकाणू सोडणार नाही, पण पाटी बायकांची. बाबाला तसं बाजारात कोणी पाहिलं असतं तर त्याच्या मागे हसण्याचं मोहोळ उठलं असतं. तो इथे, अर्ध्या मुंबईच्या देखत, बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन उभा होता आणि त्याला त्याचं काही नव्हतं. मी उरलेल्या बर्फाची गोणी उचलली आणि त्याच्या मागे निघाले.

पायवाट खडी होती. मुरूम पायाखालून सुटत होता. बाबाने एकदाही खाली पाहिलं नाही. एक हात पाटीला, दुसऱ्या हाताने जे मिळेल ते धरत, झुडूप, मूळ, दगड. वितळलेलं पाणी पाटीतून त्याच्या मानेवर, कानांवरून, सदऱ्यात उतरत होतं, आणि त्याच्याबरोबर बोंबलांचा बुळबुळीत चिकटाही. शिंग्रोबाच्या देवळापाशी आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. तिथे ट्रकवाले उतरून नमस्कार करत होते. बाबाला हात जोडता येईनात. तो देवळापुढे उभा राहिला, गुडघे किंचित वाकवून पाटीसकट खाली झाला आणि वर आला. तेवढ्यात मी गोणीतला शेवटचा बर्फ फोडून वरून घातला. मग पुन्हा पायवाट.

मी दमून रडकुंडीला आले होते. वर बघावं तर डोंगर आहेच. इतकी वर्षं एवढं मोठं काहीतरी घरापासून काही तासांवर उभं होतं आणि आम्ही खाली मासे सुकवत होतो, याचंच मला आश्चर्य वाटत होतं. आणि त्याहून मोठं आश्चर्य माझ्यापुढे चालत होतं, पाण्याने निथळत. त्या दोघांपैकी कोणाकडे बघावं ते मला कळत नव्हतं. वाऱ्याची एक झुळूक आली, थंड, मे महिन्यात थंड. बाबा थांबला, म्हणाला, "आला गो खंडाला."

बंद पडलेला ट्रक खाली राहिला होता. त्याच्या वर रस्ता रिकामा, आणि अडकलेली पॅसेंजरं मिळतील म्हणून आलेले टांगे उभे होते. माशांची पाटी म्हटल्यावर पहिल्या टांगेवाल्याने तोंड फिरवलं. दुसरा म्हातारा होता. त्याने बाबाच्या अवताराकडे पाहिलं, आणि कोण आजारी आहे, एवढंच विचारलं.

आत्याची खोली दवाखान्याच्या मागे होती. ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती, इतकी लहान झालेली की आधी मला वाटलं खाट रिकामीच आहे. शेजारणीने हाक मारली तरी वळली नाही. बाबाने पाटी अंगणात उतरवली, गोणपाट काढलं आणि एकेक बोंबील बोटाने दाबून पाहायला लागला. वरचे गेले होते. त्याने ते बाजूला टाकले. मधले गेले होते. तळाला, बर्फाच्या शेवटच्या चुऱ्यात, काही होते. त्याने एक हातात घेतला, दाबला, वासासाठी नाकाशी नेला. मग दुसरा. मान न वळवता म्हणाला, "चूल पेटव."

बोटीवर पुरुषच रांधतात, त्यामुळे कालवण त्यानेच केलं. चिंच, हळद, लसूण, आईने दिलेला मसाला नखभर. बोंबील तर घातल्या घातल्या शिजतो. वाफ खोलीत शिरली आणि आत्याने भिंतीकडचं तोंड वळवलं.

बाबाने भरवलं. पहिला घास तिने तोंडात बराच वेळ धरला. आम्ही तिच्या गळ्याकडे बघत होतो. तो हलला. उतरला. शेजारणीने पदर तोंडाला लावला. आत्याने पुन्हा तोंड उघडलं. एक बोंबील संपला, दुसरा अर्धा. मग ती म्हणाली, आवाज कसला, नुसता वाराच, "तिखट कमी घातलंस रं."

"डाक्टर काय म्हनंल?"

"त्याला काय कळतंय?"

मग तिची नजर बाबाच्या सदऱ्यावर गेली. मानेपासून छातीपर्यंत पाण्याचे ओघळ, खांद्यावर वाळलेला चिकटा. तिने हे ओघळ स्वतःच्या चोळीवर वर्षानुवर्षं पाहिले होते. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने हात वर केला आणि त्याच्या डोक्यावर, जिथे चुंबळ दाबून केस चपटे झाले होते, तिथे ठेवला. तो मान खाली घालून बसून राहिला. मी बाहेर जाऊन उरलेले बोंबील मांजरांना घातले आणि मनसोक्त रडले.

दादा टेम्पो घेऊन संध्याकाळी पोचला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, जेवणं झाल्यावर त्याची घाई सुरू झाली. संध्याकाळी अख्खी मुंबई उतरणार, आत्ता निघालो तर घाट मोकळा मिळेल, मानखुर्दपर्यंत कुठे थांबायला नको. मी पिशवी भरली. बाबा आत्याच्या खाटेपाशी जमिनीवर बसला होता, उठेचना.

"काका, चला ना. नाहीतर परत अडकू."

"जावा तुमी," बाबा म्हणाला.

"आणि तुम्ही?"

त्याने आत्याकडे पाहिलं. तिला झोप लागली होती. मग आम्हाला हलक्या आवाजात सांगितलं. रात्रभर ती मधूनमधून जागी होत होती, आणि जागी झाली की एकच विचारत होती, आता पानी कसं हाय? भरती की ओहोटी? खिडकीबाहेर सगळा डोंगर. त्याने डोळे मिटून हिशोब करून दर वेळी सांगितलं होतं, आणि सांगितलं की ती परत झोपत होती.

"आजपन विचारंल," तो म्हणाला. "हितं दुसऱ्या कोनाला म्हाईत हाय?"

दादाने माझी पिशवी उचलली. आम्ही दोघंच निघालो. घाट सबंध मोकळा होता, एकही गाडी आडवी आली नाही, आणि मी रस्ताभर मागे वळून त्या डोंगराकडे बघत राहिले. कालपर्यंत जन्मात एक रात्रही समुद्रापासून लांब न काढलेला माझा बाप तिथे वर बसून होता. बोटी पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, त्याची बोट शेजाऱ्यांनी ओढली. आत्याने विचारायचं थांबवलं, त्यानंतरच तो घरी आला.